मागच्या चाकातली हवा

सासरे रोज सकाळी धाकटीच्या गाडीपाशी उकिडवे बसायचे आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं. दुखणार नाही तर काय! जन्मभर बस चालवलेला माणूस, निवृत्त झाला तरी हवेचा मीटर खिशातून सुटला नव्हता. गाडी हलायच्या आत, टायर गार असतानाच, चारी चाकांची हवा मोजायची, घासलेल्या कडा बोटांनी चाचपायच्या, हवा कमी निघाली तर पायपंप मारायचा. पण हे लाड फक्त धाकटीच्या गाडीचे. शेजारीच उभ्या थोरलीच्या गाडीकडे नुसती नजर टाकून म्हणायचे, "थोरलीचं काय, ती खमकी आहे. तिचं ती बघते."

खमकी म्हणे! सासूच्या आजारपणात उशाशी बसली ती थोरली, आणि काल आलेल्या धाकटीला मात्र फुलासारखं जपायचं.

"कौतुक तरी किती ते!" ती नवऱ्यापाशी फणफणली.

"अगं, हवाच तर भरतात," तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला. त्याला काय कळणार, कपाळ!

एका संध्याकाळी कामावरून आल्यावर थोरलीने इकडेतिकडे बघितलं, आपल्याच गाडीच्या मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढली आणि केसातली पिन आत दाबली. फुस्स. थोडीशीच हो! सकाळी ते बसकं चाक म्हाताऱ्याच्या नजरेतून सुटतंय थोडंच! "अरेच्चा," म्हणत ते तिच्या गाडीपाशी बसले. धाकटी घाईत ताटकळत उभी, आणि सासरे मागे वळूनही बघेनात. खिडकीत उभ्या थोरलीला काय गार वाटलं म्हणून सांगू!

मग चटकच लागली. संध्याकाळी पिन, सकाळी सासरे. बिचारे धापा टाकत पंप मारायचे. शेवटी चाक पंक्चरवाल्याकडे नेलं. त्याने पाण्यात बुडवून बघितलं, तर एक बुडबुडा नाही. स्टेपनी लावली, तर दुसऱ्या दिवशी तीही बसली. आता मात्र म्हातारा घाबरला.

"किल्ली दे," त्यांनी हात पुढे केला.

"का हो, बाबा?"

"दोष सापडत नाही ती गाडी रस्त्यावर काढायची नसते. कमी हवेवर टायर तापतो आणि फुटतो. मी बघितलंय. तुला काही झालं म्हणजे? आजपासून धाकटी तुला सोडेल."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर त्याच जावेच्या गाडीत बसावं लागतं. तिने गपगुमान किल्ली दिली आणि धाकटीच्या शेजारी जाऊन बसली. सासऱ्यांनी चाकं मोजली, मग काचेवर टकटक केली.

"हळू चालव गं. थोरली बसलीये गाडीत."

गाडी फाटकाबाहेर पडली, कोपरा वळली. थोरलीने तिरक्या नजरेने बघितलं, तर धाकटीचे डोळे भरून आलेले.

"रोज माझी चाकं मोजतात," धाकटी म्हणाली, "पण मला एकदासुद्धा 'हळू जा' म्हणाले नाहीत, ताई."