पाण्यातल्या उड्या

"गुडघा वर! आणखी एक उडी!" प्रशिक्षकाची शिट्टी वाजली आणि छातीभर पाण्यात भिंगरी खरोखरच उडाला.

काचेआड उभ्या असलेल्या पोस्टमास्तरांनी खिशातली निनावी चिठ्ठी चाचपली. 'चालवत नाही म्हणून खिडकीवर बसतो आणि पोहण्याच्या तलावात उड्या मारतो,' असं तिच्यात लिहिलं होतं. म्हणजे खरंच होतं तर!

भिंगरी त्यांचा जुना पोस्टमन. अठरा वर्षं पायाला भिंगरी लावल्यासारखा टपाल वाटत हिंडला, म्हणून हे नाव पडलं. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं जड नाव घेतलं. मज्जातंतूंचा आजार, पुरता बरा न होणारा. मास्तरांनीच वरिष्ठांकडे शब्द टाकून त्याला तिकिटांच्या खिडकीवर बसवलं होतं. पण त्यांच्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच. सोमवारी काठी टेकत येणारा माणूस मंगळवारी बिनकाठीचा कसा येतो?

अर्धा तास भिंगरी पाण्यात धावला, हात फिरवले, शेजारच्या आजींशी खिदळला.

"माझ्या डोळ्यांत धूळ फेकतोस काय," मास्तर पुटपुटले. उद्याच खिडकी काढून घ्यायची, पुन्हा गल्लोगल्ली पाठवायचं!

पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग संपला. भिंगरीने कठडा धरला. पायऱ्या चढताना पाणी कमरेला आलं, मग गुडघ्याला, तसे त्याचे पाय जड होत गेले. शेवटच्या पायरीवर तो मटकन बसला. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्याने काठावर ठेवला आणि वर पाहिलं. काचेपलीकडे मास्तर!

मास्तर आत आले. चिठ्ठी हातातच होती.

"पाणी उचलून धरतं, मास्तर," तो धापा टाकत म्हणाला. "गार असतं, म्हणून थकवाही उशिरा येतो. बाहेर आलो की संपलं. या आजारात पायांचं रोज वेगळं, काठी कधी लागते, कधी नाही. लिहा तुम्ही वरिष्ठांना, उड्या मारत होता म्हणून. खोटं नाही ते."

"मला सांगायचं तरी होतंस!"

"सांगितलं असतं, तरी पाहायला आलाच असतात ना?"

 मास्तरांनी हात पुढे केला.

"हात नको. नुसते शेजारी चाला."

"उद्या वेळेवर खिडकी उघड," मास्तर म्हणाले.

कपडे बदलायची खोली पंधरा पावलांवर होती. मास्तर एक पाऊल टाकून थांबत, मग भिंगरीचं पाऊल पडे. मागून पुढच्या वर्गाची माणसं घाईने आली. मास्तरांनी वळून न बघता हात आडवा धरला आणि भिंगरी दारात पोहोचेपर्यंत तसाच ठेवला.