लवूची गोणी आणि देवाची उजवी बाजू

घर भाड्याने देताना रावजी तीन अटी घालीत: भिंतीला खिळा नाही, तुळईला भोक नाही, सारवलेल्या जमिनीला पोपडा नाही. भाडेकरूने श्वास घेऊ नये ही चौथी अट बहुधा सौजन्यापोटी मनातच राहिली असावी. मागल्या खोलीत मी राहत असे. मी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवीत होतो आणि माझ्यापाशी भिंतीवर टांगण्याजोगे काहीच नव्हते. पुढल्या खोलीत १९३१ च्या पावसाळ्यात लवू आला.

लवू आगबोटीवर भट्टीत कोळसा घालणारा. बोटीवरच्याच एका गोऱ्याकडून तो मुष्टियुद्ध शिकला होता. दिवाळीनंतर मुंबईतल्या एका आगबोट कंपनीचे सामने होते आणि जिंकणाऱ्याला किनाऱ्यावर कायमची नोकरी मिळणार होती. पुन्हा त्या भट्टीपुढे उभे राहायचे नसेल तर एवढा एकच मार्ग उरला आहे, असे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितले. सरावासाठी टांगलेली गोणी हवी होती.

"मास्तर, खिळा न मारता टांगता येल?"

येत होती. एकात एक घातलेली दोन गोणपाटे, आत काथ्या, भाताचे तूस आणि थोडी वाळू. केवळ वाळू भरली असती तर ती तळाशी बसून दगड झाली असती. तुळईभोवती घोंगडीची घडी आणि घडीवरून सुंभाचे वेढे, म्हणजे भार पसरतो आणि लाकडाला वळ उठत नाही. पायांखाली जुन्या शिडाचे कापड. रावजींनी तुळई बोटाने चाचपली, भिंत नखाने खरवडली, जमिनीवर ओणवे झाले. नुकसान कोठेच न सापडल्यामुळे ते विलक्षण अस्वस्थ झाले.

"तुळईवर आमचा मूळपुरुष बसतो," ते अखेर म्हणाले.

"वजन किती त्यांचे? हिशेबात धरायला हवे."

"मास्तर, थट्टा नको. देवाला कौल लावू. तोवर गोणीला हात लावायचा नाही."

कौलाची पद्धत सोपी आहे. देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या; उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रावजींचा देव म्हणजे लवूच्या खोलीच्या भिंतीपलीकडच्या देवघरात फळीवर ठेवलेला वीतभर काळा पाषाण. सदू गुरवाने पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणे घातले आणि आम्ही वाट पाहू लागलो. आश्विनातली रत्नागिरीची हवा इतकी दमट, की तिच्यात पाकळीच काय, धोतरही वाळत नाही. दुपार झाली, दुसरा दिवस उजाडला, तरी देव मौनातच होता. लवू गोणीसमोर मांडी घालून बसे. भरल्या ताटासमोर उपाशी माणूस बसावा तसा.

शेवटी त्याचा तोल गेला. त्याने एकच ठोसा हाणला. तुळई कंप पावली, भिंत कंप पावली, फळी थरथरली.

पलीकडून सदू ओरडला, "उजवी! देवान कौल दिलान!"

मी रावजींना कंपनांचा प्रवास समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"ठोसा लवूनं मारलान, कबूल. पण उजवीच पाकळी कोणी निवडलीन?"

"जिला पाणी कमी लागले होते ती पडली."

"पाणी कोणी लावलंन?"

"सदूने."

"आणि सदूला बुद्धी कोणी दिलीन?"

सदूला बुद्धी आहे हे गृहीतक मला तपासून पाहायचे होते. पण तो समोरच उभा होता.

त्यानंतर लवूच्या सरावाला कोणाचीच हरकत उरली नाही, उलट मागणी वाढली. कोणाची म्हैस हरवली, कोणाची सोयरीक अडली, की मंडळी कौलाला येत, आणि पाकळ्या अडून बसल्या की रावजींची बायको दमयंतीकाकू दारातून हाक देत, "लवू, मार रे एक! देव खोळंबलाय." खुद्द रावजींनी चुलतभाऊ केरूशी चाललेला आमराईच्या बांधाचा जुना तंटा याच रीतीने मिटवला. उजवी पडली आणि बांध चार हात केरूच्या बाजूला सरकला. पाकळ्यांना पाणी त्या दिवशी रावजींनी स्वतः लावले होते.

मग बोटीचा दिवस आला. लवूने ट्रंक बांधली आणि रावजी दारात आडवे आले.

"तू गेलास तर देवाचा कौल पाडायचा कोणी? आधी त्याला विचार."

केरूसह सगळी आळी जमली. पाकळ्या लागल्या. बोटीची वेळ होत आली तरी एकही हलेना. लवूने बाह्या सरसावल्या, ठोसा मारला आणि देवघरात आला.

डावी पाकळी खाली पडली होती.

"संपला विषय," रावजी प्रसन्न होऊन म्हणाले. "राहा आता."

लवू पांढराफटक पडला. पाकळीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "काका, ती देवान नाय पाडलीन. मी पाडलीय."

"खुळा की काय? कौल देवाचाच."

"मंग मास्तरांना इचारा."

कौलाबद्दल माझे मत त्या घरात प्रथमच मागितले गेले होते. "पाकळी लवूच्या ठोशाने पडली," मी म्हणालो. "आजचीही आणि आजवरच्या सगळ्या."

"सगळ्या?" मागून केरू पुढे सरला. "म्हंजे बांधाचीपण?"

रावजींनी केरूकडे पाहिले, पाषाणाकडे पाहिले आणि खाकरले. सत्य आणि आमराई यांपैकी एकाचीच निवड करायची असता माणसाची बुद्धी किती तल्लख होते, याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक मी प्रयोगशाळेतही पाहिलेले नाही.

"सदू, मेल्या, बघतोस काय?" ते गुरवावर कडाडले. "प्रवासाचा कौल जाणाऱ्याच्या बाजूने बघायचा असतो. देवाची डावी ती समोर उभ्या असलेल्या लवूची उजवी! देवान होकार दिलान. जा रे लवू."

"आणि बांधाचा?" केरूने विचारले.

"बांध काय प्रवासाला निघालाय?"

यावर केरू काय म्हणाला ते ऐकायला लवू थांबला नाही. ट्रंक खांद्यावर टाकून तो बंदराच्या वाटेला लागला होता. धावत, आणि एकदाही मागे न बघता.