मोरेश्वर भुवनचा जागा माणूस

लीलाबाई वेलकरांच्या मुलाला झोप येत नाही, ही गोष्ट फणसवाडीत सगळ्यांना माहीत होती. हा आजार आहे, असं मात्र मोरेश्वर भुवनमध्ये कोणालाच वाटत नव्हतं. सगळ्यांना ती सोय वाटत होती.

सुरुवातीला ध्रुवने जिन्यात कोणाला तरी खरं सांगितलं, ही त्याची चूक. मोरेश्वर भुवनमध्ये दुखणं एकट्याने बाळगायची पद्धत नाही. तुम्ही एक गुडघा म्हणालात की समोरचा दोन्ही काढतो. "झोप येत नाही हो," असं ध्रुव म्हणाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मीनाक्षी मावशी लगेच म्हणाल्या, "मला तरी कुठे येते? डोळ्याला डोळा म्हणून नाही." मागून सेक्रेटरी श्यामकांत धैर्यवान येत होते. ते म्हणाले, "निवृत्त झाल्यापासून मी झोपलोच नाहीये." ते निवृत्त झाल्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्यांचं घोरणं ऐकून समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेत, ही वेगळी गोष्ट.

मग उपाय आले. दुधात जायफळ, खसखशीची खीर, टाळूवर ब्राह्मीचं तेल. तळपाय तुपाने घासायला मीनाक्षी मावशींनी स्वतःच्या घरची काशाची वाटी दिली आणि ती परत द्यायची आहे याची आठवण दर आठवड्याला दिली. एकही उपाय सोडायचा नाही आणि कोणालाही दुखवायचं नाही, हा वेलकरांचा स्वभाव. एका टप्प्यावर ध्रुव इतकं काय काय लावून अंथरुणात शिरायचा की लीलाबाईंना वाटे, पोरगा झोपायला निघालेला नाही, मुरायला ठेवलाय.

झोप आली नाही ती नाहीच. मग एक दिवस श्यामकांत काका पायरीवर थांबले आणि तीन शब्द बोलले. "नाहीतरी जागाच असतोस."

त्या तीन शब्दांत इमारतीची मोटर ध्रुवच्या गळ्यात पडली. खालच्या टाकीत पाणी येतं पहाटेच्या आधी कधीतरी. नक्की कधी, ते पाणी सोडणाऱ्यालाही ठाऊक नसावं. ते आलं की मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचं. पूर्वी घरटी पाळी होती आणि पाळीवरून भांडणं होती. आता दोन्ही मिटलं. काकांनी जिन्याखाली मोटरशेजारी स्वतःच्या हाताने रंगवून पाटी लावली: 'मोटरला नेमलेल्या इसमाखेरीज कोणीही हात लावू नये. हुकुमावरून.' हुकूम त्यांचाच होता.

मोटरच्या मागोमाग बाकीचं आलं. मीनाक्षी मावशींना चौपाटीवरच्या हास्य क्लबसाठी उठवणं. विमानतळाला निघालेल्यांची टॅक्सी आली का, ते बघणं. अमेरिकेतून फोन आले की ते घेणं. त्यामुळे मोरेश्वर भुवनच्या तिकडच्या नातवंडांना भारतातला एकच माणूस नीट ओळखीचा होता, ध्रुव. इमारतीच्या गणपतीजवळ रात्री जागायला आधी पोरांच्या पाळ्या लागत. आता ध्रुव आणि गणपती दोघंच. तळमजल्यावरचा हेरंब म्हणे, "ए ध्रुव, तुझ्या आईबाबांनी नाव काय विचार करून ठेवलंय रे. मावळतच नाहीस तू."

लीलाबाईही हसल्या होत्या तेव्हा. मग एका सोमवारी लोअर परळला ऑफिसातून निघालेला ध्रुव उघड्या डोळ्यांनी फुटपाथवरून उतरला तो थेट बससमोर. बस थांबली. ड्रायव्हर त्याला जे बोलला ते इथे देता येणार नाही, पण त्यात मुद्दा होता. घरी येऊन ध्रुवने हे सांगितलं ते बातमी सांगावी तसं. मग त्याने ब्रशवर दाढीचं क्रीम घेतलं आणि दात घासायला लागला. लीलाबाईंनी ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याला दादरला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर अनुजा वयाने ध्रुवएवढीच. तिने जायफळापासून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रात्री जागे असता तेव्हा करता काय?"

ध्रुवने यादी सांगितली. गणपतीपर्यंत आल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

"याचा पगार मिळतो तुम्हाला?"

"नाही. मानद आहे."

"झोप लागणं पुढचं," डॉक्टर लीलाबाईंना म्हणाली, "यांना आधी झोपायला सुट्टीच नाहीये."

मग तिने उपचार सांगितले. अंथरुणात उशिरा जायचं, रोज ठरल्या वेळी उठायचं, झोप लागो न लागो. अंथरुणात तळमळत पडायचं नाही. झोप नाही आली तर उठून खुर्चीत बसायचं, पण बसून कोणाचं काम करायचं नाही. मोटर तर अजिबात नाही. गोळ्या नाहीत म्हणताच लीलाबाईंचा चेहरा पडला. गोळी नसलेला डॉक्टर म्हणजे त्यांना फोडणी नसलेलं वरण वाटे.

"आणि काकू, तुमच्याकडे एक काम," डॉक्टर म्हणाली. "दिवसा डोळा लागला तर उठवायचं. दया आली तरी उठवायचं. दुपारी चकल्या खाल्ल्या तर रात्री भूक कशी लागेल? तसंच आहे हे."

भुकेचं म्हटल्यावर लीलाबाईंना सगळं समजलं.

ध्रुवने मोटरचा राजीनामा दिला. श्यामकांत काकांनी तो दोनदा वाचला. ते जन्मभर कोर्टात निकालांच्या नकला मूळ प्रतीशी ताडून बघत आले होते. "तुला नेमल्याचा ठराव कुठाय?" ते म्हणाले. "जे पदच नाही त्याचा राजीनामा घेऊ कसा? आधी तुला नेमावं लागेल. मागील तारखेपासून. मग राजीनाम्याचा विचार."

रविवारी सकाळी तळमजल्याच्या पडवीत सभा बसली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल, पलीकडे जिन्याखाली मोटर आणि तिची पाटी. रविवार असल्यामुळे सगळ्यांचं निम्मं लक्ष घरी आलं-लसूण लावून ठेवलेल्या मटणात होतं. ध्रुवचा उपचारांचा चौथा की पाचवा दिवस होता. डोळे लाल, चेहरा उतरलेला. लीलाबाई शेजारी बसून त्याला मधून मधून कोपर मारत होत्या.

नेमणूक एकमताने झाली. टाळ्याही झाल्या. मग राजीनामा आला.

"मग मोटर कोण लावणार?" हेरंबने विचारलं.

"तुम्हीच ठरवा ना," ध्रुव म्हणाला. "इथे कोणालाच झोप येत नाही. गेली तीन वर्षं मी जिन्यात हेच ऐकतोय."

मीनाक्षी मावशींनी पदर सारखा केला. "माझं न झोपणं वेगळं आहे रे. मी पडून जागी असते. तुझ्यासारखी उभ्याने नाही."

"आणि काका, तुम्ही? निवृत्त झाल्यापासून?"

"ते वैद्यकीय कारण आहे," काका म्हणाले आणि चष्मा चढवला. "मुळात आपण विषय सोडून चाललोय. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचंय."

आणि त्यांनी वाचायला घेतलं. त्या आवाजाला चढ नव्हता, उतार नव्हता, स्वल्पविराम नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या न्हाणीघराची गळती, त्यावर झालेली चर्चा, चर्चेवर झालेली चर्चा. गळती तिसऱ्यांदा आली तेव्हा लीलाबाईंच्या खांद्यावर काहीतरी जड पडलं. त्यांनी वळून पाहिलं. ध्रुवचं डोकं.

तो झोपला होता. तोंड उघडं, हात मांडीवर पालथे. जायफळाने, तुपाने, ब्राह्मीने जे साधलं नाही ते न्हाणीघराच्या गळतीने साधलं होतं. असा झोपलेला ध्रुव लीलाबाईंनी तीन वर्षांत पाहिला नव्हता. कपाळावरची आठी गेली होती. ती आठी आहे, हेसुद्धा त्यांना ती गेल्यावर कळलं.

काका थांबले. "झोपला?"

"उठवते," लीलाबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसा झोपला तर रात्री…"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे बोलायला नको होतं.

"रात्री काय?" हेरंब म्हणाला.

"रात्री झोप लागणार नाही," मीनाक्षी मावशींनी हळूच वाक्य पुरं केलं. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी हेरंबकडे. आणि मोरेश्वर भुवनच्या अंतःकरणात एकदम माया दाटून आली.

"नका हो उठवू पोराला," मावशी कुजबुजल्या. "किती दमलाय." कोणीतरी शाल आणली. कोणीतरी टेबलफॅन आणून तोंड त्याच्याकडे वळवलं. हेरंबने धावत जाऊन घरातला मिक्सर बंद करवला. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना पुढच्या गल्लीत पाठवण्यात आलं. काकांनी फायलीतून त्याच्याही आधीच्या सभेचं इतिवृत्त काढलं आणि आवाज खाली आणून वाचत राहिले, जसा कोणी देवळात आवर्तनं करतो. इतकी एकी इमारतीच्या पुनर्बांधणीच्या वेळीही दिसली नव्हती. ती असती तर पुनर्बांधणी झाली असती.

लीलाबाईंनी हात उचलला. दया आली तरी उठवायचं. हात ध्रुवच्या खांद्याजवळ गेला आणि तिथेच राहिला. त्यांना बस दिसत होती, ब्रशवरचं क्रीम दिसत होतं. आज हा दुपारभर झोपला तर रात्री पुन्हा टक्क जागा, मग मोटर, मग मावशींचा हास्य क्लब, आणि सोमवारी पुन्हा तो फुटपाथ. हे सगळं कळत होतं आणि हात हलत नव्हता.

ध्रुवने डोळे अर्धे उघडले. "राजीनामा?" तो पुटपुटला.

"मंजूर झाला हो," मीनाक्षी मावशी म्हणाल्या. "एकमताने. झोप तू."

तो गालातल्या गालात हसला आणि पुन्हा झोपला. तो हसला म्हणूनच लीलाबाई उठल्या. त्याचं डोकं अलगद खुर्चीच्या पाठीला टेकवलं. "वरण उतू जाईल," असं कोणी न विचारताच सांगितलं आणि जिन्याकडे गेल्या. जिना मात्र चढल्या नाहीत. जिन्याखाली वाकून त्यांनी हिरवं बटण दाबलं.

मोरेश्वर भुवनची मोटर फार जुनी. ती सुरू झाली की खडी भरलेला ट्रक जिना चढतोय असं वाटतं. ध्रुव ताडकन उभा राहिला. "पाणी आलं," म्हणत दोन पावलं टाकली आणि थांबला. उजेड होता. सगळी इमारत समोर बसली होती. अंगावर शाल होती.

"अरे, बंद कर," काका ओरडले. "खालची टाकी कोरडी आहे. मोटर जळेल."

ध्रुवने डोळे चोळले. "माझा राजीनामा मंजूर झालाय ना?"

सगळे मावशींकडे बघू लागले.

"मावशी, तुम्हीच म्हणालात ना? एकमताने."

"म्हटलं मी," मावशी म्हणाल्या. "पण ते प्रेमाने."

"मग मी हात कसा लावणार? पाटी आहे."

सगळ्यांनी पाटीकडे पाहिलं, जणू आजच लावली होती. हेरंब पुढे झाला. दोन बटणं आणि एक खटका होता. तीन वर्षांत त्याने मोटरकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "लाल की खटका?" त्याने विचारलं. कोणी म्हणालं लाल, कोणी म्हणालं खटका. "थांब," काका म्हणाले, "तुला आधी नेमायला हवं. सूचक कोण?"

सूचक मिळाले. अनुमोदन देताना मीनाक्षी मावशींनी विचारलं की नेमणूक आजच्यापुरती की कायमची, आणि कायमची शब्द ऐकताच हेरंब दोन पावलं मागे सरकला. तेवढ्यात जळका वास आला, मोटर खाकरली आणि पडवीत इतकी शांतता पसरली की वरच्या मजल्यावर मटण शिजताना ऐकू आलं.

"वहिनी," काका लीलाबाईंकडे वळले. "मोटर तुम्ही लावलीत?"

"हो."

"पाटी नाही वाचलीत?"

"चष्मा वर राहिला."

"निदान बंद तरी करायची."

"बंद करायला नेमलेला इसम लागतो ना, भावजी," लीलाबाई म्हणाल्या. "हात लावायची चूक एकदा झाली. पुन्हा कशी करू?"

पाणी बंद म्हटल्यावर मोरेश्वर भुवन भलतंच चपळ होतं. आठवडा संपायच्या आत नवी मोटर आली. पाणी आल्याचं तिला आपोआप कळतं, ती आपोआप चालू होते, टाकी भरली की आपोआप बंद होते. अशी मोटर आणू या, असं ध्रुव तीन वर्षं म्हणत होता. तेव्हा काका म्हणायचे, तू आहेस की.

ध्रुवला लगेच झोप लागली असं काही झालं नाही. पहिले काही दिवस तो खुर्चीत बसून असायचा आणि कोणाचंच काम नसल्यामुळे त्याला जरा चुकल्यासारखं वाटायचं. मग झोप थोडी थोडी येऊ लागली, नव्या सुनेसारखी, आधी उंबऱ्यापर्यंत. आणि एका सकाळी ठरल्या वेळी त्याला उठवायला गेलेल्या लीलाबाईंना त्याला तीनदा हाका माराव्या लागल्या. तिसरी हाक त्यांनी मुद्दाम जरा वेळाने मारली. डॉक्टरला हे सांगितलं नाही.

त्याच सकाळी त्या दूध घ्यायला उतरल्या तर मीनाक्षी मावशी पायरीवर बसलेल्या. डोळे लाल.

"काय करू लीला, रात्रभर कान लावून पडलेली असते. ते यंत्र आपोआप सुरू होतं म्हणतात, पण नाहीच झालं तर? बघायला कोणी नाही. डोळ्याला डोळा नाही गं."

वरून श्यामकांत काका उतरले. हातात टॉर्च, चेहरा सुकलेला. समोरच्या इमारतीच्या खिडक्या, लीलाबाईंच्या आत्ता लक्षात आलं, सताड उघड्या होत्या.

"मी तीनदा खाली जाऊन आलो," काका म्हणाले. "तुम्हाला येते का हो झोप, वहिनी?"

मोरेश्वर भुवनमध्ये या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. लीलाबाईंनी ते तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं.

"येते," त्या म्हणाल्या. "मलाही आणि ध्रुवलाही."

दोघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी सभेत शिवी दिली. लीलाबाई दूध घेऊन वर गेल्या आणि लगेच पुन्हा खाली आल्या.

"मीनाक्षी, ही तुझी काशाची वाटी," त्या म्हणाल्या. "आधी तू तळपाय घास, मग भावजींना दे. आठवण करून देत जाईन."