ऊर्जाकाडी

सकाळी साडेसातला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये पंधरा उपाशी माणसं हात जोडून उभी होती. समोर देव नव्हता, काउंटरवरचा कॉम्प्युटर होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ अडकली होती आणि स्वतःला ऊर्जागुरू म्हणवणारा तुपकट चेहऱ्याचा एक गृहस्थ त्यावरून हात फिरवत होता.

"यंत्रालाही प्राण असतो," डोळे मिटून तो म्हणाला. "याचा प्राण कोंडलाय."

त्याने कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली ऊर्जाकाडी उपसली, कपाळाला लावली, काहीतरी पुटपुटला आणि बटण दाबलं. पडदा उजळला, मंडळी धन्य झाली. काडी परत जागेवर गेली. काडी म्हणजे सोनेरी कागद चिकटवलेला साधा पेन ड्राइव्ह. यंत्राला नजर लागू नये म्हणून तो यानेच पंधरवड्यापूर्वी दिला होता. तेव्हापासून कॉम्प्युटर रोज सकाळी रुसायचा आणि गुरू रोज सकाळी यायचा. मी इथे रक्त काढतो. हा तमाशा बघून माझंच उकळायचं.

आज गुरूला गुन्हेगारही सापडला. "या बाईंची छाया पडली की यंत्र गुदमरतं."

या बाई म्हणजे बारा वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या आमच्या वहिनी. भिंतीवर तीन पदव्या टांगलेले आमचे डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनी, उद्यापासून येऊ नका. माझा नाइलाज आहे."

"माझं काय चुकलं तेवढं सांगा," वहिनी म्हणाल्या.

मी मान खाली घालून बाटल्यांना लेबलं लावत राहिलो, त्याची मला लाज वाटते.

रांगेतल्या एक बाई बाही खाली करत पुढे आल्या. त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या. "पोटात चहा नाही, म्हणून थोडक्यात आटपते. हा बंद करून पुन्हा चालू करू. वहिनी, तुम्ही रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहा."

वहिनी गेल्या. काडी तशीच ठेवून बाईंनी बटण दाबलं. काळा पडदा, तीच ओळ.

"छाया बरीच लांब पोचते की," बाई म्हणाल्या. मग काडी उपसून त्यांनी वहिनींना आत बोलावलं. "आता तुम्ही दाबा."

वहिनींनी बटण दाबलं. पडदा उजळला.

"सुरू होताना कॉम्प्युटर स्वतःला चालवणारी प्रणाली शोधतो," बाईंनी सांगितलं. "हा आधी पेन ड्राइव्हमध्ये शोधतो. तिथे काही नाही, म्हणून अडतो. एकदा सुरू झाला की मग काडी खोचली तरी बिघडत नाही. हे महाराज रोज आधी काडी काढतात आणि मगच बटण दाबतात. त्यांना सगळं ठाऊक आहे."

महाराजांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

डॉक्टर कसनुसे हसले. "झालं गेलं विसरा, वहिनी. उद्या या."

"ते मी घरी जाऊन ठरवीन. आधी या सगळ्यांसमोर सांगा, दोष माझा नव्हता."

डॉक्टर पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांना पुन्हा सांगावं लागलं.

खरं काय ते कळायला दोन मिनिटं लागली. त्याला पदवी लागली नाही, मंत्र लागला नाही. पुढचा चमत्कार दिसेल तेव्हा हात जोडण्याआधी तेवढी दोन मिनिटं काढा. तुम्ही डोळे मिटून उभे असता तेव्हा शेजारच्या कुणाची तरी भाकरी जात असते.