सोय

"आजही डबा नाही आणलास?" बाळाला हातात घेत मावशींनी विचारलं.

"कसला डबा?" बाळाची आई दारातच थांबली. कपड्यांच्या कारखान्यात ती इस्त्रीवर होती. बाळाला पाळणाघरात ठेवून कामावर जायला लागून आठवडा होत आला होता.

"दुधाच्या पावडरीचा गं. आमच्याकडे अडीअडचणीला ठेवलेला होता, तो संपत आला."

आईला काही कळेना. बाहेरच्या बोर्डावर तर 'तान्ह्यांच्या दुधाची सोय' असं ठळक लिहिलेलं होतं. मावशींनी समजावून सांगितलं, की दूध घरून आणायचं, इथे ते कोमट करून वेळच्या वेळी पाजतात, सोय म्हणजे तेवढीच. बोलताना त्यांचं त्यांनाच ते कसंसंच वाटलं. बोर्ड रंगवून घेतला तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, 'सोय' शब्द बरा, त्यात सगळं बसतं. त्या बोर्डानंतर दोन पाळणे वाढवावे लागले होते. कोण काय समजून येतं, हे मावशींनी कधी विचारलं नव्हतं. या मुलीलाही नाही. पहिल्या दिवशी ती डोळे पुसत गेली म्हणून, आणि नंतर आज आणील, उद्या आणील म्हणून.

"मी अंगावरचं तोडलं, मावशी," ती हळूच म्हणाली. "बाटली घेईना तो. म्हटलं, तिथे दूध मिळणारच आहे, तर आधीच सवय लावू. आता येतच नाही."

कारखान्याची वेळ झाली होती. ती तशीच गेली.

दुपारी बाळाला पाजताना त्यांनी जाऊबाईंकडे विषय काढला. या एका लेकराचं दूध आपण घालू, चूक आपली आहे. जाऊबाई लंगोट वाळत घालत होत्या. एकीला दिलं की सगळ्या मागतील, आणि आपण खोटं काय लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं. पाळणाघर दोघींचं होतं. मावशींनी वाद घातला नाही.

संध्याकाळी आई आली तेव्हा मावशी तिच्याशी बोलायला म्हणून उठल्या. जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या. मावशींनी बाळाचं टोपडं नीट बांधलं आणि पिशवी तिच्या हातात दिली. बस्स.

रात्री त्यांना झोप लागली नाही. जाऊबाई काय म्हणायच्या ते म्हणू देत, बाळाचं दूध आपण घालायचं, असं ठरवून सकाळी त्या लवकर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. बाकीची मुलं आली. ते बाळ आलं नाही. दुपारी त्याच्या आईच्या शेजारणीकडून कळलं, की नवऱ्याने पहाटेच्या गाडीने बाळाला आजीकडे नेऊन सोडलं. तिथे दुभती गाय होती.

मावशींनी त्याच आठवड्यात बोर्डावरची ती ओळ पुसून घेतली. जाऊबाई महिनाभर धड बोलल्या नाहीत.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी मावशी बसमध्ये चढल्या, तर खिडकीशी त्या बाळाची आई बसलेली. मावशींना तोंड फिरवावंसं वाटलं, पण तिनेच पिशवी मांडीवर घेऊन जागा केली.

"बसा ना, मावशी."

कारखान्यात आता तिची रोज जादा पाळी असायची. मावशींनी बाळाचं विचारलं.

"छान आहे. बसायला लागलाय. आजीशिवाय पान हलत नाही त्याचं." तिने मांडीवरची पिशवी सरळ केली. "मी घ्यायला गेले की रडतो. ओळखत नाही ना."

मावशींनी बोलायला तोंड उघडलं. इतक्या दिवसांत त्यांनी मनाशी बरंच काही जुळवलं होतं. "माझं चुकलं गं," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

मावशींनी वळून पाहिलं. तिचे डोळे मिटले होते. बसच्या हेलकाव्यांनी मान कलत कलत मावशींच्या खांद्यावर आली. मावशींनी खांदा जरा खाली केला.

त्यांचा थांबा आला. मावशी उठल्या नाहीत. कंडक्टर जवळ आला तेव्हा त्यांनी पुढचं तिकीट मागितलं, अगदी हळू आवाजात.