तीन सेकंदांचं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे. पण मित्रांनो, मला बघायला आलात तर हात हलवत परत जाल. मला कडी नाही, कोयंडा नाही, किल्ली तर नाहीच. कॉम्प्युटरच्या स्मरणात एक आकडा असतो, तो मी. शून्य असलो की उघडा, एक असलो की बंद. शून्यातून विश्व उभं करणाऱ्या माणसांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. मी शून्यातून फक्त एक उभा केला, आणि तोही लगेच परत शून्य केला.

माझा मुक्काम कर्नलमध्ये. हे मिशीवाले, लष्करातले कर्नल नव्हेत. हा कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा घरकारभारी. पडद्यावर चित्रं हलतात, अक्षरं उमटतात, ती सगळी पुढच्या खोलीतली पाहुणेमंडळी. कारभारी मागे असतो. कोणाला किती जागा, कोणाची पाळी आधी, प्रिंटर कोणाच्या ताब्यात, हे सगळं तो बघतो. एकाच वस्तूवर दोघांनी एकदम हात टाकला तर घरात रणकंदन होतं. ते होऊ नये म्हणून त्यानं माझ्यासारखी कुलपं बाळगलेली असतात.

ज्यांच्या घरात माणसं आठ आणि न्हाणीघर एक आहे, त्यांना माझं काम समजावून सांगायला नको. आत जाणाऱ्यानं कडी लावायची, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. बाहेरच्यानं काढली तर काय होईल, हे मी सांगत नाही. तुम्ही चांगल्या घरातले आहात.

माझी नेमणूक एका रुग्णालयात, तळमजल्यावरच्या रक्त तपासायच्या खोलीत झाली. तिथे टेबलं दोन, पडदे दोन, कीबोर्ड दोन. पण कॉम्प्युटर एक आणि प्रिंटर एक. रिपोर्टाचं पान छापण्याआधी ते जुळवायला कर्नलमध्ये जागाही एकच. वर पेशंटचं नाव बसवायचं, खाली रक्तगट बसवायचा, आणि पान प्रिंटरच्या स्वाधीन करायचं. तीन सेकंदांचं काम. त्या जागेच्या दाराशी मी.

मला लिहिलं ते जिन्याखालच्या बाईंनी. रुग्णालयाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या या बाईंना जिन्याखालची खोली मिळाली होती, आणि पुढे तेच त्यांचं नाव झालं. एका सकाळी समोरचा चहा पार गार होईपर्यंत विचार करून त्यांनी मला दोन ओळींत बसवलं. एक ओळ लावायची, एक काढायची. शेजारी माणसांसाठी एक टीप लिहिली, जी कॉम्प्युटर वाचत नाही: ‘लावलंस तर काढ. कुठल्याही दारानं बाहेर जा, पण काढून जा.’

हे सगळं तुला कसं कळलं, असं विचारू नका. आत्मवृत्तात केरसुणीलाही सगळं कळतं.

सहा वर्षं मी बिनबोभाट काम केलं. एका टेबलावर लॅबमधल्या ताई बसायच्या आणि दुसऱ्यावर त्यांचा सहकारी, सगळ्यांचा दादा. दोघांची पानं एकदम आली की मी एकाला आत घ्यायचो आणि दुसऱ्याला बाहेर झोपवून ठेवायचो. आमच्यात थांबणं म्हणजे खरोखर झोपणंच. उगाच येरझारा घालायच्या नाहीत, पाळी आली की उठवतात.

“काय करतंय काय हे? अंडी घालतंय का?” दादा प्रिंटरला विचारायचा.

“माझं पान आधी गेलंय. तीन सेकंदांत म्हातारा होणार नाहीस तू,” ताई म्हणायच्या.

माझं कौतुक एवढंच. चोरी झाली नाही म्हणून कुलपाला हार घातलेला तुम्ही कधी पाहिलाय?

मग कॉम्प्युटर विभागाला नवे साहेब आले. कोणतंही काम सांगा, ते “लगेच!” म्हणायचे, म्हणून लगेचसाहेब. माणूस मनानं उमदा. बाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेलेल्या असताना त्यांना एक सुधारणा सुचली. प्रिंटरमधला कागद संपला तर पडद्यावर ‘कागद संपला’ असं यावं आणि काम तिथूनच मागे फिरावं. त्यांनी चार ओळी लिहिल्या, प्रिंटरमधला कागद काढून पाहिला, सूचना बरोबर आली, आणि साहेब समाधानानं जेवायला गेले. कागद परत घालून पुढचं पान येतंय का, हे बघायचं राहिलं. डबा गार होत होता.

घोळ असा की काम मागे फिरायचं ते माझी काढायची ओळ गाठण्याआधीच. म्हणजे न्हाणीघराला आतून कडी लावायची आणि खिडकीतून उडी मारून निघून जायचं.

मंगळवारी सकाळी अकराला कागद संपला. सूचना आली, दादानं कागद घातला, पुढचं पान आलं आणि माझ्यापाशी थांबलं. मी बंद. आत कोणी नाही आणि दार आतून लावलेलं. बघता बघता अकरा पानं दाराशी झोपली. मला सगळं दिसत होतं, पण ज्यानं लावलं त्यानंच काढायचं हा नियम, आणि तो तर खिडकीतून गेलेला. शेवटी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. या उपचाराची तुम्हाला ओळख असेलच. मी नव्यानं जागा झालो, तो शून्य.

त्या आठवड्यात हे आणखी दोनदा झालं. साहेबांनी शोध घेतला, तेव्हा प्रत्येक वेळी सगळी पानं माझ्याच दाराशी सापडली.

“हे कुलूपच अडकतंय,” साहेब म्हणाले आणि माझ्या दोन्ही ओळींच्या आधी दोन-दोन तिरक्या रेघा मारल्या. तशा रेघा मारलेल्या ओळीकडे कॉम्प्युटर ढुंकूनही बघत नाही. मी फाइलीत राहिलो, कामावर नाही. पूर्वी कोण होतो हे लिहिलेलं, आणि आता कोणी विचारत नाही. निवृत्त माणसाला हे वेगळं सांगायला नको.

खोटं कशाला बोलू, कामाला वेग आला. पानं भराभर यायला लागली, दादाची अंड्यांची चौकशी थांबली, साहेबांची पाठ थोपटली गेली. अकरा दिवस दोन पानं एकाच क्षणी आली नाहीत, एवढंच त्याचं रहस्य.

बाराव्या दिवशी आली. शिंपीकाकांचं पोटाचं ऑपरेशन दुपारी बाराला होतं आणि त्यात रक्त द्यावं लागणार होतं. त्यांची बहीण रिपोर्टासाठी खिडकीशी उभी होती. ताईंनी काकांचं पान सोडलं, त्याच क्षणी दादानं एका ट्रकवाल्याचं सोडलं. जागा एक, दार सताड उघडं. वर ट्रकवाल्याच्या नावावर काकांचं नाव बसलं, आणि खाली त्यांचा रक्तगट बसतोय न बसतोय तोच त्यावर ट्रकवाल्याचा रक्तगट येऊन बसला. पान छापून आलं. दिसायला अगदी सुबक. चूक नीटनेटकी असली की तिच्यावर कोण संशय घेतो?

ताई घेत होत्या. सही करण्याआधी कागद आणि रक्ताची नळी शेजारी धरायची, ही त्यांची जुनी खोड. तपासणी झाली की नळीवर त्या स्वतः पेनानं रक्तगट लिहायच्या.

“द्या ना हो लवकर, त्याला आत घेतायत!” बहीण म्हणाली.

“एक मिनिट, मावशी.”

“अहो, छापलंय की त्यावर!”

“छापलेलं सगळं खरं असतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? दादा, इकडे ये. नळीवर मी काय लिहिलंय?”

“ओ.”

“आणि कागदावर?”

दादानं वाचलं. “बी,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्यानं पुढे एकही विनोद केला नाही. ओ गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त गेलं तर जिवावर बेततं, हे त्या खोलीत कोणाला सांगावं लागत नाही.

ताईंनी फोन उचलला. “रक्त लावू नका. मी सांगेपर्यंत एक थेंब लावू नका.” मग कागद फाडला, तपासणी पहिल्यापासून केली आणि रिपोर्ट हातानं लिहिला. ऑपरेशनला चाळीस मिनिटं उशीर झाला. काका स्ट्रेचरवर पडून बहिणीची समजूत घालत होते, “अगं, चाळीस वर्षं मापं घेतोय. परत माप घेतल्यानं कोणाचं कापड वाया गेलेलं मी पाहिलं नाही.”

दुसऱ्या दिवशी बाई गावाहून आल्या. नातवंडाचे फोटो कोणाला न दाखवता सरळ फाइल उघडून बसल्या.

“कुलूप कोणी काढलं?”

“अडकत होतं, बाई,” साहेब म्हणाले.

“ते अडकत नव्हतं. तुमच्या या चार ओळी आतून कडी लावून खिडकीतून पळत होत्या.”

साहेबांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. “म्हणजे एक ओळ राहिली?”

“एकच.”

साहेबांनी या वेळी “लगेच” म्हटलं नाही. “कुठे घालायची ते दाखवा,” ते हळूच म्हणाले, “मीच लिहितो.”

माझ्यावरच्या रेघा पुसल्या गेल्या. बाईंनी प्रिंटरमधला कागद काढून पाहिलं, परत घालून पुढचं पान काढलं, मग दोन्ही टेबलांवरून एकदम पानं सोडून पाहिली. जेवणाची वेळ टळून गेली तरी साहेब जागचे हलले नाहीत.

तेव्हा मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. कडी लावलीत तर काढून जा. घाई असो, राग आलेला असो, कागद संपलेला असो. आणि बाहेर थांबायची पाळी आली तर हवं तेवढं कुरकुरा, पण कडी उखडू नका.

शिंपीकाका महिन्याभरानं पुन्हा तपासणीला आले. ठणठणीत बरे झाले होते. खिडकीशी उभे राहून प्रिंटरकडे बघत बोटं वाजवत म्हणाले, “काय हो ताई, किती वेळ लावतं तुमचं हे मशीन!”

तो वेळ मी लावत होतो. तीन सेकंद. आजवरची माझी सगळ्यात मोठी स्तुती तीच.