नाक घासतंय

सासूबाईंच्या नाकावर ओरखडा आला आणि घर डोक्यावर घेतलं गेलं.

खऱ्या नाकावर नव्हे हो, स्टिकरवरच्या! सासूबाईंनी हातापायाला लावायचं क्रीम घरी बनवायला घेतलं होतं, आणि डबीवरच्या लेबलावर त्यांना फोटो हवा होता तो स्वतःचाच. खाली ठसठशीत अक्षरांत 'कशालाही चालतं'. लेबलं सूनबाईच करणार, कारण पुढच्या खोलीत तिचं स्टिकर कापायचं मशीन ठाण मांडून बसलं होतं. खरी गोम तिथेच होती. सासूबाईंना ती खोली हवी होती, क्रीमच्या डब्या मांडायला.

"संध्याकाळी मैत्रिणी डब्या न्यायला येतायत," त्यांनी सकाळीच बजावलं. "लेबलं नीट झाली तर राहील तुझं मशीन. नाहीतर उद्या उचल ही बया इथून."

सूनबाई लगेच कामाला लागली. दुसरी खोली होतीच कुठे? मशीन गेलं म्हणजे धंदा गेला.

छपाई झकास झाली, वर लॅमिनेशनही आरशासारखं चकचकीत बसलं. मग कागद मशीनमध्ये घातला, पातं कर्र करत फिरलं, आणि नाकावरून आडवा ओरखडा! दुसरा कागद घातला, तरी तेच. तिने पातं बदललं, दाब कमी केला, शेवटी मशीनला हात जोडले. ओरखडा काही हटेना.

"मैत्रिणींसमोर माझं नाक कापायचं ठरवलंयस का गं?" मागून सासूबाई.

"आई, ओरखडा सगळ्या कागदावर आहे. तुमचं नाकच मध्ये येतं, त्याला मी काय करू?" म्हणाली आणि तिने जीभ चावली.

हात गुंतलेले, म्हणून तिने मेकॅनिकला स्पीकरवर फोन लावला. त्याने तक्रार ऐकली आणि लगेच सांगितलं, "ताई, नाक घासतंय."

"कुणाचं?" सासूबाई कडाडल्या.

"खाली आलंय ना फार. जरा वर उचला. आणि आधी स्वच्छ पुसा, काहीतरी वाळून चिकटलं असणार."

"अहो, तोंड सांभाळून बोला! या घरात माझं नाक कायम वरच राहिलंय!"

मेकॅनिकने आवाज खाली आणला. मग हळूच प्रश्न आला, "ताई, तुमच्याकडे पाहुणे आहेत का?"

सूनबाईला हसू आवरेना. पातं ज्या टोपीतून डोकावतं ना, तिच्या टोकाला हे मशीनवाले नाक म्हणतात, हे सासूबाईंना समजावता समजावता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने ते नाक कापडाने पुसलं. करडा, कडक खडा निघाला, स्टिकरच्या बारीक तुसांनी भरलेला. हाच मेला कागदावरून घासत होता! तिने वास घेतला, तर लिंबाचा. क्रीमच्या प्रत्येक डबीला येत होता, तोच.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पंख्याकडे पाहिलं.

"आई?"

"अगं, सकाळी तू सुरू केलंस की करकर करायचं बिचारं. म्हटलं कोरडं पडलं असेल. तू उठायच्या आधी जरासं लावायचे, नाकाला."

उचल म्हणणारी बाई रोज चोरून त्याच बयेला क्रीम चोळत होती! सूनबाईला ओरडावंसंही वाटलं आणि गळ्यात पडावंसंही. शेवटी यातलं काहीच न करता तिने पातं किंचित बाहेर काढलं, म्हणजे नाक कागदापासून वर राहील, आणि नवा कागद घातला.

लेबलं स्वच्छ निघाली. सासूबाईंचं नाक दिमाखात चमकत होतं. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या.

"मग आई, मशीन?" तिने भीतभीतच विचारलं.

"राहू दे इथेच. पण लेबलं पुन्हा काढ."

"आता काय झालं? नाक तर छान आलंय!"

"नाकाचं नाही गं," सासूबाई पुटपुटल्या. "खालची ओळ बदल. लिही, 'कशालाही चालतं, मशीन सोडून.'"